आगळ घ्यावे की आमसूल?

कोकणातल्या कुणकेश्वराचे दर्शन घेऊन मुंबईस परतणाऱ्या मावशींना वर्षभरासाठी आगळ न्यावे की आमसुले, असा प्रश्न पडला होता. दोन्ही एकाच रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते आणि पावसाच्या आत सगळे उरकावे लागते.

आमसुलासाठी साले फळाच्याच खारवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात, म्हणून त्यात मेहनत अधिक. चांगले आमसूल काळपट, लवचीक असते आणि बोटाला किंचित चिकटते. कडकडीत वाळलेले घेऊ नये. चिनी मातीच्या बरणीत ते वर्षभर सहज टिकते आणि प्रवासात सांडण्याची भीती नसते. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस. तोही टिकतो, पण बाटलीचे बूच सैल राहिले तर पिशवीतले कपडे कायमचे जांभळे होतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

सोलकढीला आगळ सोयीचे. नारळाच्या दुधात दोन चमचे घातले की रंग लगेच उतरतो, आमसुले मात्र अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी लागतात. आगळात मीठ असतेच, त्यामुळे चव पाहिल्याशिवाय वरून घालू नये. याउलट तिरफळे घातलेल्या बांगड्याच्या आमटीत किंवा नैवेद्याच्या वरणात मला आमसूलच हवे, कारण त्याचा आंबटपणा हळूहळू उतरतो आणि नको वाटल्यास ते काढून टाकता येते.

रोज सोलकढी करणाऱ्यांनी आगळ घ्यावे. आमटीपुरतीच गरज असलेल्यांना किंवा गाडीने लांब जाणाऱ्यांना आमसूल बरे. मावशींनी आमसुलेच नेली.