जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: वर्कशॉपच्या ऑफिसात काही महिने वापरल्यानंतर

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशिनिंगचं जॉबवर्क आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आमच्याकडं टर्निंग-ड्रिलिंग होऊन पुढं जातं. ऑफिसचा सगळा कारभार मी बघते: कोटेशन, चलन, जीएसटीची बिलं, ई-वे बिल, पगारपत्रक, मेलवर येणारी ड्रॉइंग्ज. हे सगळं एका पीसीवर चालतं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे प्रोसेसर २०१२ च्या सुमाराचा, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. मागच्या गणपतीच्या आधी त्यावरचं विंडोज १० काढून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आणि तेव्हापासून रोजचं काम त्यावरच सुरू आहे. "टाकू का नको" या विचारात बरेच जण असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारण साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपणार होता. ज्या मशीनवर बँकेचं आणि जीएसटीचं पोर्टल उघडतं, ते सुरक्षा अपडेटशिवाय ठेवायला माझं मन तयार नव्हतं. वर्षभर वाढीव अपडेट मिळण्याची सोय होती, पण त्यानंतर पुन्हा तिथंच येऊन थांबलो असतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळं आमचा पीसी यादीतच बसत नव्हता. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "वहिनी, ह्यात आता काय राम न्हाई, नवीन घ्या." पण मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, मॉनिटर, सगळं धडधाकट होतं. चालू मशीन भंगारात घालायचं हे आमच्या धंद्यात कुणालाच पटत नाही. इथं तीस-तीस वर्षांची लेथ अजून काम देते.

इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा म्हणाला, "आत्या, आधी पेनड्राइव्हवरनं चालवून बघ, पटलं तरच टाकू." मिंटची ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. डिस्कवर काहीही न लिहिता पेनड्राइव्हवरनं पूर्ण सिस्टिम चालते. सोमवारी कारखाना बंद असतो, त्या दिवशी आम्ही वायफाय, आवाज, मॉनिटर, प्रिंटर आणि जीएसटीचं पोर्टल असं एकेक तपासून घेतलं. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन चहा होईपर्यंत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मिंटच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या आहेत. त्यातली सगळ्यात हलकी, एक्सएफसीई, आम्ही घेतली.

आता वेगाबद्दल, आणि इथं श्रेय नीट वाटून द्यायला हवं. सुरुवातीचे काही दिवस मिंट जुन्याच हार्डडिस्कवर होतं. विंडोजमध्ये मागं सतत काहीतरी चालू असायचं आणि डिस्क घरघरत राहायची, ते बंद झालं. पण ब्राउझर पहिल्यांदा उघडताना तसाच रेंगाळायचा. मग एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) बसवली, रॅम ८ जीबी केली, पंख्यातली कास्टिंगची बारीक धूळ काढली, आणि खरा फरक तेव्हा पडला. दोन्ही पार्ट मिळून खर्च तीन हजारांच्या आतच बसला. एसएसडी टाकली असती तर विंडोज १० सुद्धा वेगानं चाललं असतं, हे मी मान्य करते. मिंटमुळं मिळालं ते दुसरंच: हलकेपणा आणि पुढची काही वर्षं. पीसी सुरू होऊन नुसता बसला असेल तेव्हा रॅम एक जीबीच्या आसपास वापरली जाते. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. बाकीची रॅम खातो तो ब्राउझर. पोर्टलच्या चार-पाच टॅब, मेल आणि व्हॉट्सअॅप एकदम उघडं ठेवलं की ४ जीबी अपुरी पडते, मग सिस्टिम कुठलीही असो.

मराठी टायपिंगची मला जास्त धास्ती होती, कारण चलनावरच्या सूचना आणि कामगारांच्या नोटिसा मराठीतच निघतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणीही मिळाली आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची कगप नावाचीही. मी इनस्क्रिप्टवाली. "दुसऱ्या" मधला ऱ्य शिफ्ट-जे, डी आणि य अशा क्रमानं दाबला की अगदी बरोबर उमटतो. छपाईला मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट घेतला. फाइल फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली, एवढंच. अडचण आली ती जुन्या फाइलींची. युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची आताची सर्वमान्य पद्धत) रुळायच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कामगारांची पत्रं आणि करारनामे उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. तेच जुने फॉन्ट मिंटमध्ये आणून टाकल्यावर ती वाचता यायला लागली, पण त्यात काही शोधायचं किंवा मेलमध्ये उचलून चिकटवायचं तर युनिकोडमध्ये बदलून घ्यावंच लागतं. लागतील तशी मी ती बदलत गेले. विंडोजवर राहिले असते तरी हे काम कधी ना कधी करावंच लागलं असतं.

एक्सेलच्या जागी लिबरऑफिस कॅल्क आलं. पगारपत्रकातली सगळी सूत्रं जशीच्या तशी चालली. दर काढायच्या शीटमध्ये एक जुना मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) होता, तो मात्र चालला नाही, म्हणून तेवढा भाग साध्या सूत्रांनी मांडून घेतला. आता ती शीट कुणालाही वाचता येते, हे मला जास्त आवडतं. गिऱ्हाईकाकडं कोटेशन पाठवताना मी पीडीएफच पाठवते, कारण तीच फाइल त्यांच्या एक्सेलमध्ये उघडली की कॉलम आणि पानं थोडी सरकतात. एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाइलमध्येच सेव्ह होईल असं सेटिंग पहिल्याच दिवशी करून ठेवा.

ड्रॉइंग्ज पीडीएफमध्ये आली तर काहीच प्रश्न नाही. डीएक्सएफ ही कॅड ड्रॉइंगची फाइल लिबरकॅडमध्ये उघडते, मापं घेता येतात. डीडब्ल्यूजीचा (ऑटोकॅडच्या स्वतःच्या फाइलीचा) मात्र भरवसा धरू नका, गिऱ्हाईकाला डीएक्सएफ मागा, ते देतात. थ्रीडीची स्टेप फाइल फ्रीकॅडमध्ये उघडते, पण या मशीनवर मोठं असेंब्ली फिरवून बघायचं म्हणजे संयम लागतो.

प्रिंटरनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. आमचा लेझर प्रिंटर जुना, तो आपोआप ओळखला गेला नाही, वेगळा ड्रायव्हर शोधून भाच्यानं बसवला आणि मग तो सुरळीत चालला. तुमचा प्रिंटर जुना असेल तर पेनड्राइव्हवरनं चालवतानाच एक पान छापून बघा. बाकी सगळं नंतर जुळवता येतं, पण चलन छापलं नाही तर टेम्पो दारात उभा राहतो.

अपडेटचा अनुभव फारच चांगला. खाली खूण दिसते, मी जेवणाच्या सुट्टीत दाबते. पीसी मध्येच आपणहून बंद होऊन चालू होत नाही. टाइमशिफ्ट नावाचं साधन आधीच दिलेलं असतं, सिस्टिम बिघडली तर त्यातनं आदल्या तारखेवर परत जाता येतं. पण ते सिस्टिमपुरतं आहे. तुमची बिलं आणि शीटा त्यात धरलेल्या नसतात, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायलाच हवी.

ज्यांचे हिशोब त्याच पीसीवर टॅलीत आहेत, त्यांनी सगळं काढून मिंट टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइन नावाच्या, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातनं चालवण्याची खटपट काही जण करतात, पण महिन्याचं रिटर्न मी तसल्या जोडणीवर सोडणार नाही. आमचं टॅली सीएंच्या ऑफिसात असतं, मी त्यांना विक्री-खरेदीची शीट पाठवते, म्हणून निभावतं. दुसरं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. आमची फर्म एकट्याच्या मालकीची, त्यामुळं जीएसटीचं रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीनं भरता येतं. कंपनी किंवा एलएलपीला सहीचं टोकन लागतं, त्यांनी ते मिंटवर चालतंय का हे आधी तपासून घ्यावं.

आमचे सुपरवायझर मामा रोज जॉबकार्ड छापायला येतात. त्यांच्यासाठी वेगळं खातं करून भाषा मराठी केली. भाषांतर सगळीकडं झालेलं नाही, काही मेनू इंग्रजीतच राहतात, तरी त्यांचं अडत नाही.

आता तपासणीच्या टेबलावरचा जुना लॅपटॉप बाकी आहे. त्यात २ जीबी रॅम आहे. मिंटची किमान अट तेवढीच असली तरी एवढ्यात ब्राउझर धड चालणार नाही, म्हणून रॅम वाढवता येते का ते बघून मगच त्याला हात लावणार आहे.