बियांपासून अल्पाइन स्ट्रॉबेरी: दुसऱ्या उन्हाळ्यातला अनुभव

श्टुटगार्टमध्ये आमच्या घरामागे अर्ध्या सावलीची अरुंद पट्टी आहे. तिथे ‘ऱ्युगेन’ जातीच्या अल्पाइन स्ट्रॉबेरीचा हा दुसरा उन्हाळा. कमी खर्चात लावायची असेल तर रोपं विकत घेऊ नका, बी घ्या. इथल्या दुकानांत ‘मोनाट्सएर्डबेरे’ नावाने पाकीट दोन-तीन युरोंना मिळतं. नर्सरीत तेवढ्यात जेमतेम एखादं रोप येतं.

बी खसखशीएवढं असतं. ओलसर टिश्यूत गुंडाळून दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं की उगवण चांगली होते. मग फेब्रुवारीत दह्याच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडायची, चाळलेली माती भरायची आणि बी वर नुसतं भुरभुरायचं. उगवायला उजेड लागतो, म्हणून वरून मातीचा थर द्यायचा नाही. पाणीसुद्धा वरून ओतायचं नाही, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा, माती खालून पाणी ओढून घेते. कोंब दिसायला तीन आठवडे, कधी महिनाही लागतो. त्यानंतरही रोप फार सावकाश वाढतं. इथेच लोक कंटाळतात. कृपा करून ते डबे फेकू नका!

पहिल्या वर्षी ऑगस्टनंतर थोडीच फळं आली. यंदा मेअखेरीपासून रोज काही ना काही पिकतंय आणि कडक दंव पडेपर्यंत हे चालू राहील. फळ करंगळीच्या नखाएवढं, पण सुगंध असा की दुकानातली मोठी स्ट्रॉबेरी त्यापुढे पाणचट लागते. देठापासून अलगद सुटेल तेव्हाच तोडायचं आणि लगेच खायचं, कारण ते टिकत नाही. जॅमच्या बरण्या भरायच्या असतील तर मात्र ही जात तुमच्यासाठी नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला फुटतात तसे रनर, म्हणजे जमिनीवर पसरत जाऊन नवी रोपं धरणारे धुमारे, हिला फुटत नाहीत, त्यामुळे वाफा आटोक्यात राहतो. पिकलेली फळं कागदावर चिरडून वाळवली की पुढचं बी घरचंच. ही संकरित जात नसल्याने रोपं मूळ झाडासारखीच निघतात.

त्रास गोगलगायींचा. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. पक्ष्यांनी फळं खाऊ नयेत म्हणून पुढच्या वर्षी ‘येलो वंडर’ ही पिवळ्या फळांची जात लावणार आहे. ती पिकली तरी लाल होत नाही, म्हणून पक्षी तिच्याकडे फारसे वळत नाहीत.

पुण्याहून बहीण बी मागतेय. तिला सांगितलंय, तुमच्या गच्चीवरचं एप्रिलचं ऊन हिला झेपायचं नाही. पाचगणीला मावशीच्या अंगणात, झाडाखाली लावून बघ.