जलरंगांसाठी आठ दिवस: रतनवाडी की वेळास?
शहरात कागद ताणून ठेवला तरी हात चालत नाही. आठ दिवस फक्त झाडं, पाणी आणि ब्रश हवेत. मनात दोनच गावं आहेत.

रतनवाडी रतनगडाच्या पायथ्याशी, 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाकाठी. डिसेंबरात हवा इतकी कोरडी, की आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली आणेस्तोवर वरची कड वाळलेली असते. भराभर, ठाम काम करावं लागतं. पण तिथल्या अमृतेश्वर मंदिराच्या काळ्या दगडावर सकाळचं तिरपं ऊन पडलं, की कोरीवकामातली प्रत्येक खाच निळसर सावलीने भरून येते. त्या निळ्यासाठी मी थंडीत कुडकुडायला तयार आहे.

मंडणगड तालुक्यातलं वेळास वेगळं. दमट हवेत कागद ओला राहतो, रंग सावकाश एकमेकांत उतरतात. समुद्राच्या धूसर क्षितिजाला तेच हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र कासवांची पिल्लं बघायला गर्दी होते, तेव्हा निवांतपणा विसरा.

जलरंगात नवखे असाल तर वेळासला जा, तिथे रंग सावरायला वेळ मिळतो. मी यंदा रतनवाडीलाच निघालेय. गेल्या खेपेची ती अर्धवट सावली अजून फोल्डरमध्ये पडून आहे.