हाइड पार्कच्या पदकसमारंभाची प्रिंट: छपाई घ्यावी, फ्रेम सांगून करवावी

२६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाइड पार्कात व्हिक्टोरिया राणीने घोड्यावर बसूनच ६२ जणांच्या छातीवर पहिले व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, लावले. (इकडे मेरठ पेटून दीड महिना झाला होता.) त्या सोहळ्याच्या तैलरंगातल्या स्केचची ए३ प्रिंट पुण्यात पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडे मिळते. छपाईला पैकीच्या पैकी, फ्रेम काठावर पास.

स्केचमध्ये चेहरे शोधू नयेत. सैनिक म्हणजे ब्रशचे दोन-तीन फटकारे. सगळी माहिती रंगात आहे. तेव्हा नौदलाच्या क्रॉसची फीत निळी असे, भूदलाची किरमिजी. सर्वांना किरमिजी झाली ती १९१८ साली. पायदळाच्या लाल डगल्यावरची किरमिजी फीत ही छपाईची खरी परीक्षा. रंग जरा भडक केला की फीत डगल्यात बुडते. क्रॉसही ब्राँझचा, काळपट तपकिरी. तो पिवळाधमक दिसला तर फाइल उगाच उजळवली आहे असं समजावं. इथे तसं झालेलं नाही.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) मॅट कॉटन, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगकणांची. दुकानदार कॅनव्हास गळ्यात मारू बघतो, पण नको म्हणा. कापडाची वीण मूळ फटकाऱ्यांवर चढते. ए२ हवी असेल तर आधी फाइल किती पिक्सेलची ते विचारा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए३साठी साधारण ४९६० × ३५०८ लागतात, ए२साठी ७०१६ × ४९६०.

फ्रेमचं मात्र सगळं सांगून करवून घ्यावं लागतं. इथे प्रिंट चारही बाजूंनी डबल टेपने चिकटवतात. पावसाळ्यात कागद फुगतो, सरकायला जागा नसते, मग लाटा येतात. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, कागदी पट्टीने टांगायला सांगा. माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) हवा आणि काच प्रिंटला टेकता कामा नये, नाहीतर दमटपणात शाई काचेला धरते. पाठीला नुसता एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) ठोकतात. मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड घातला नाही तर पुढे कागद पिवळा पडतो. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी टिकल्या लावल्या की मागून हवा खेळते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगूच नये.

सोनेरी नक्षीची पट्टी टाळा, स्केच त्यात हरवतं. साधी, गडद लाकडी पुरे.

फ्रेमखाली पितळी पाटी फुकट देतात, तिच्यावर ‘भारतीय वीरांचा गौरव’ असं कोरलेलं असतं. ते धादांत चूक. हिंदी सैनिक या क्रॉसला पात्र ठरले १९११ साली. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधवांना तो मिळाला दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईसाठी, घाडग्यांना तर मरणोत्तर. पाटीवर फक्त ठिकाण आणि तारीख कोरून मागा. जास्तीचे पैसे घेत नाहीत.