गोलाणी मार्केटमधील जुळणी सेवा: जुने कॅबिनेट, नवा मदरबोर्ड

जळगावच्या गोलाणी मार्केटमधील एका दुकानातून आमच्या चोपड्याच्या कृषी केंद्रातील बिलिंगच्या संगणकाचा मदरबोर्ड बदलून घेतला, त्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. पुढे एक तक्रारही येणार असल्यामुळे दुकानाचे नाव लिहिलेले नाही.

कॅबिनेट जुनेच, पण पत्र्याने दणकट होते आणि त्यात पूर्वी पूर्ण एटीएक्स, म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटर मापाचा बोर्ड होता. नवा बोर्ड मायक्रो एटीएक्स या लहान मापाच्या गटातला. या गटाची कमाल मर्यादा २४४ बाय २४४ असली, तरी स्वस्त बोर्ड बहुधा त्याहून अरुंद असतात आणि पुढच्या कडेची स्क्रूची छिद्रे त्यांना नसतातच. आमच्या बोर्डालाही सहाच छिद्रे होती. कारागिराने बोर्ड आधी रिकाम्या पत्र्यावर धरून प्रत्येक छिद्राखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा, स्क्रू बसणारा छोटा खुंट) येतो की नाही ते पाहिले, खालच्या ओळीतले स्टँडऑफ काढून नव्या जागी लावले आणि उरलेले पिशवीत भरून माझ्याकडे दिले. छिद्र नसलेल्या जागी एखादा स्टँडऑफ बोर्डाखाली राहिला, तर तो मागच्या सोल्डरच्या टोकांना टेकून शॉर्ट होऊ शकतो. घाईच्या दुकानात नेमके हेच पाहिले जात नाही.

प्रोसेसर, पंखा आणि रॅम त्याने बोर्ड खोक्यावर ठेवूनच बसवले. मागची आयओ प्लेट, म्हणजे वायरी जोडायच्या तोंडांभोवतीची पत्र्याची चौकट, आतून दाबून चारही कोपरे पक्के बसल्यावर, तिची एखादी पत्र्याची जीभ लॅनच्या किंवा यूएसबीच्या तोंडात शिरत नाही ना, हे त्याने टॉर्च लावून तपासले. सर्व स्क्रू आधी सैल फिरवून मग समोरासमोरचे असे क्रमाने आवळले. मला सर्वांत आवडली ती एक बारीक गोष्ट: एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) चोवीस पिनांची जाड वायर ज्या कडेला बसते, त्या कडेखाली अशा अरुंद बोर्डाला आधार नसतो, म्हणून कनेक्टर दाबताना त्याने दुसऱ्या हाताचे बोट बोर्डाखाली ठेवले होते. एरवी त्या ठिकाणी बोर्ड डोळ्यांना दिसेल इतका वाकतो. समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या वायरी मात्र त्याने मॅन्युअल उघडून लावल्या, अंदाजाने नाही. बटणाला उलटसुलट चालते, एलईडीला चालत नाही.

आता तक्रार. इंटेलचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटवर येणारे काळे प्लॅस्टिकचे झाकण दुकानातल्या मुलाने सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि ते मलाच शोधून काढावे लागले. वॉरंटीसाठी बोर्ड परत देताना हे झाकण सॉकेटवर असलेच पाहिजे, अशी अट काही उत्पादक मॅन्युअलमध्येच छापतात, कारण त्याखालच्या पिना एकदा वाकल्या की वॉरंटी नाकारली जाते. हे दुकानदाराला माहीत नसेल असे मला वाटत नाही. बोर्डाचे खोकेही मागितल्याशिवाय मिळाले नाही.

पंख्यांबाबतही त्यांनी आपणहून काही विचारले नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि कापसाच्या हंगामात हवेत तंतू आणि धूळ दोन्ही असतात, त्यामुळे समोरून हवा आत घेणारा पंखा आणि त्याच्यापुढे धुता येणारी जाळी ही येथे चैन म्हणता येत नाही. मी सांगितल्यावर जाळी लावून दिली, तिचे पैसे वेगळे घेतले, आणि ते रास्त होते.

मजुरी आधी सांगितली तेवढीच घेतली. हाताचे काम म्हणून या दुकानाला माझी पूर्ण पसंती आहे. मात्र तेथे बोर्ड बसवून घेणाऱ्याने काम संपेपर्यंत समोर उभे राहावे आणि सॉकेटचे झाकण, खोके व उरलेले स्क्रू बिलाबरोबरच मागून घ्यावेत.