नर्सिंगच्या अर्जासाठी ३७५ डॉलरचा सल्ला : पाचपैकी दोन तारे

ॲडमिशनची बातमी कळल्यावर दोनच दिवसांत सल्लागारबाईंचा मेसेज आला, "ताई, अभिनंदन! आता आमच्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहा ना कुठेतरी." लिहिते म्हटलं. दोन्ही चांगल्या असतील असं मात्र कबूल केलं नव्हतं.

सेवेचं नाव देत नाही. बाई सज्जन आहेत, एकट्याच सगळा व्याप सांभाळतात आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही, मी मोजलेल्या पैशांशी आहे. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या एडीएनला, म्हणजे दोन वर्षांच्या नर्सिंगला, अर्ज करायला मदत असं ते पॅकेज होतं. तीन व्हिडिओ कॉल, एक एक्सेल फाईल, टीज या नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या नोट्स आणि पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचा निबंध, तपासून देणं. जुलै २०२२मध्ये घेतलं, ३७५ डॉलरला.

इथल्या रहिवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. चार युनिटची अ‍ॅनाटॉमी आणि चार युनिटची फिजिऑलॉजी, दोन्ही मिळून ३६८. म्हणजे तेवढ्या पैशात माणसाच्या शरीरातली सगळी हाडं, स्नायू आणि किडनीचं काम शिकून वर सात डॉलर उरतात. मी एम.कॉम. आहे, लग्नाआधी सहा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात व्हाउचरं तपासली आहेत. असा हिशोब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता मदत घ्यावीशी का वाटली ते. वय एकोणचाळीस, कॉमर्सवाली, दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलेलं नाही. दोन वर्षं एकेक करून केमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रो (म्हणजे मायक्रोबायॉलॉजी) उरकले. मायक्रोत बी, बाकी ए. मग अर्जाच्या सूचना उघडल्या आणि गरगरलं. एका कॉलेजात शंभर गुणांचा तक्ता, दुसऱ्यात सगळ्या पात्र अर्जदारांची सरळ सोडत, तिसऱ्यात विज्ञानाचे विषय गेल्या सात वर्षांतलेच हवेत. ओळखीतल्या एकीने या बाईंचा नंबर दिला. "मराठीत बोलतात गं, समजावून सांगतात."

बोलल्या मराठीतच, आणि पहिला कॉल खरंच छान झाला. त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत एक गोष्ट सांगितली ती मला तोवर कोणी नीट सांगितली नव्हती. एडीएन करा नाहीतर बीएसएन, म्हणजे चार वर्षांची नर्सिंगची डिग्री, करा, आरएनच्या, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या, लायसन्सची परीक्षा दोघांना एकच, एनक्लेक्स-आरएन. आणि कुठल्या कॉलेजची किती मुलं पहिल्या प्रयत्नात ती पास होतात ते राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवर वर्षवार दिलेलं असतं, कोणालाही बघता येतं. मी तेव्हा एका खाजगी कॉलेजच्या जाहिरातीवर भाळले होते, तिथे वेटिंग नव्हतं. बाईंनी तिथली फी विचारली, मी आकडा सांगितला, त्या म्हणाल्या, "ताई, आधी बोर्डाच्या यादीत त्यांचा निकाल बघा, मग फी भरा." बघितला. फी भरली नाही. दोन तारे मी देतेय त्यातला एक पुरा याच वाक्याचा.

दुसऱ्या कॉलपासून गाडी घसरली.

त्या म्हणाल्या, मायक्रोतला बी काढून टाका, परत घ्या, ए आणा. मी लागलीच रजिस्ट्रेशनला गेले तर सिस्टीम घेईना. खिडकीतल्या मुलाने शांतपणे सांगितलं की सी किंवा त्याहून वरची ग्रेड मिळालेला विषय कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात सहसा परत घेताच येत नाही, राज्याचाच नियम आहे. शिवाय निवडीचं जे जुनं सूत्र काही कॉलेजं वापरतात त्यात विज्ञानाचे विषय किती वेळा परत घेतले याचाही हिशोब धरतात. म्हणजे चुकून घेता आला असता तर तिथे हात दाखवून अवलक्षण झालं असतं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अच्छा, आमच्या राज्यात तसं नाहीये." त्या दुसऱ्या राज्यात राहतात हे मला तेव्हा कळलं. चूक माझीही आहे, पैसे भरण्याआधी विचारायला हवं होतं.

मग टीजच्या नोट्स. ही परीक्षा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकूण १७० प्रश्न, २०९ मिनिटं, त्यातले २० प्रश्न नुसते चाचणीचे, मोजले जात नाहीत, पण ते कुठले हे तुम्हाला कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ६२ टक्क्यांना पास. बाईंच्या पीडीएफमध्ये इंग्रजीचे २८ प्रश्न, २८ मिनिटं असं लिहिलेलं. मी स्वयंपाकघरात टायमर लावून रोज २८ प्रश्न सोडवत होते. कॉलेजच्या लायब्ररीतलं नवं पुस्तक सहज चाळलं तर तिथे ३७. जून २०२२मध्येच परीक्षेची सातवी आवृत्ती आली होती आणि माझ्या नोट्स सहावीच्या होत्या. नव्या आवृत्तीत एकाहून जास्त बरोबर उत्तरं निवडायची, पायऱ्या क्रमाने लावायच्या, चित्रावर जागा दाखवायची, असेही प्रश्न असतात. पीडीएफमध्ये चार पर्यायांपलीकडे काही नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "कन्सेप्ट तेच आहेत ताई." कन्सेप्ट तेच असतील, पण घड्याळ तेच नाही. (माझी खरी अडचण वेगळीच निघाली. औंस, पिंट, गॅलन. आपण लिटर-मिलिलिटरवर वाढलेली माणसं, एका गॅलनमध्ये किती कप हे मला आजही मनात टेबल मांडल्याशिवाय येत नाही. सोळा.) ८१.३ टक्के आले. त्यात पीडीएफचा वाटा शून्य, लायब्ररीतल्या पुस्तकाचा सगळा. ते पुस्तक फुकट होतं.

पाकिटाची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या भारतातल्या डिग्रीचं इथे मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि ते करणारी संस्था ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून आलेलं, सीलबंदच घेते. बाईंच्या यादीत लिहिलं होतं: "ट्रान्स्क्रिप्ट आधी घरी मागवून स्पेलिंग तपासा." माझ्या भावाने विद्यापीठात तीन चकरा मारून, रांगेत उभं राहून, पाकीट घेऊन कुरियर केलं. जाड पिवळं पाकीट, फ्लॅपवर आडवी सही, तिच्यावर निम्मा कागदावर निम्मा फ्लॅपवर गोल शिक्का. नवरा ऑफिसमधून आला, मला मदत म्हणून कात्रीने स्वच्छ सरळ रेषेत कापलं आणि म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे." शिक्क्याचे दोन अर्धे टेबलावर वेगवेगळे पडले होते. भावाच्या परत तीन चकरा, परत कुरियर, या वेळी सरळ संस्थेच्या पत्त्यावर. अडीच महिने गेले. नवऱ्याला मी कधीच माफ केलं, यादीला नाही.

आणि पर्सनल स्टेटमेंट! पॅकेजमधला सगळ्यात महागडा भाग हाच असणार, कारण तिसरा पूर्ण कॉल त्यातच गेला. "तुमची स्टोरी खूप स्ट्राँग आहे ताई," असं म्हणत त्यांनी माझ्या सासूबाईंच्या आजारपणाचे साडेसहाशे शब्द करून घेतले. वाचून मलाच रडू आलं. मी निवडलेल्या तिन्ही कॉलेजांपैकी एकानेही निबंध मागितला नव्हता. फॉर्ममध्ये तो जोडायला जागासुद्धा नव्हती. तिथे कोणी तुमची गोष्ट वाचत नाही, तक्ता बघतात आणि गुण टाकतात. हे ज्याला माहीत नाही त्याने या कामाचे पैसे घ्यावेत का, हा माझा खरा प्रश्न आहे.

तो तक्ता मला कोणी वाचायला शिकवला ते सांगते. कॉलेजची माहिती-बैठक असते, महिन्यातून एकदा, फुकट. मी ती टाळत होते, कारण पैसे देऊन सल्लागार घेतलेला होता ना. ऑक्टोबरात शेवटी गेले. बैठक संपल्यावर एक वयस्क काउन्सेलर थांबल्या, चष्मा गळ्यात, हातात खोडरबर झिजलेली पेन्सिल. माझा तक्ता समोर ठेवून त्या एकेका ओळीवरून पेन्सिल नेत गेल्या. आधीची डिग्री? आहे, खूण. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी? खूण. आरोग्यक्षेत्रातलं काम किंवा स्वयंसेवा? मी सीएनएचा, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा, १६० तासांचा कोर्स केला होता आणि एका नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवार जात होते. खूण. घरची परिस्थिती, घरात कॉलेजला जाणारी पहिलीच का, वगैरे. तिथे नाही. मग पेन्सिल एका ओळीवर थांबली. "इंग्रजीशिवाय दुसरी भाषा?" मी म्हटलं, स्पॅनिश येत नाही. त्या म्हणाल्या, स्पॅनिश कोण विचारतंय, घरी काय बोलता?

मराठी, म्हटलं.

त्यांनी कॉम्प्युटरवर राज्याच्या शिक्षण संहितेचं कलम काढलं, ७८२६१.५. गुणांवर निवड करणाऱ्या कॉलेजांनी काय काय धरायचं ते त्यात होतं. भाषांच्या यादीत खुणांची भाषा, अरबी, चिनी, फार्सी, रशियन, स्पॅनिश, टॅगलॉग आणि शेवटच्या ओळीत भारतीय उपखंडातल्या आणि आग्नेय आशियातल्या विविध भाषा. त्यांनी त्या ओळीवर पडद्यावरच पेन्सिल टेकवली. आमच्या कॉलेजच्या तक्त्यात या रकान्याला ३ गुण होते. पुरावा काय? शाळेचं अधिकृत प्रमाणपत्र चालेल. माझ्याकडे १९९८चं दहावीचं मार्कशीट होतं, मराठी प्रथम भाषा, शंभरपैकी ७८. अमेरिकेला येताना लग्नाच्या दाखल्याच्या फोल्डरमध्ये घातलं होतं तेव्हा घरात सगळे हसले होते. शेजारच्या कॉलेजात मात्र मार्कशीट चालत नाही, भाषेची परीक्षा द्यावी लागते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे तुमच्या कॉलेजचा कागद तुम्हीच वाचा.

एक मराठी बाई, मराठीत सल्ला देणारी, मराठी बोलणाऱ्या गिऱ्हाईकाला मराठीचे तीन गुण सांगत नाही आणि पेन्सिलवाल्या अमेरिकन आजी सांगतात. मला राग नाही आला, हसूच आलं. बाईंना फोन केला तर त्या मनापासून म्हणाल्या, "अगंबाई, हे मलाही नवीन आहे, बाकीच्यांना सांगते." दुसरा तारा या मनमोकळेपणाचा आणि एक्सेल फाईलचा मिळून.

कारण फाईल चांगली आहे, ते नाकारून चालणार नाही. प्रत्येक कॉलेजची अर्ज उघडायची तारीख, बंद व्हायची तारीख, ट्रान्स्क्रिप्ट अर्जाआधी हवं की सोबत, टीजचा निकाल कसा पाठवायचा, असे रकाने होते, आणि तारीख जवळ आली की ओळ लाल होते. तारखा मात्र मलाच शोधून भराव्या लागल्या. पण तिच्यामुळे माझी एकही तारीख चुकली नाही, आणि या धंद्यात एक दिवस उशीर म्हणजे एक वर्ष उशीर.

अर्ज फेब्रुवारी २०२३मध्ये गेला. सोडतीच्या कॉलेजात नाव निघालं नाही. एकात गुण कमी पडले. पेन्सिलवाल्या आजींच्या कॉलेजात वेटिंगवर सातवी होते. जुलैत, मुलीला पोहायला सोडून गाडीत बसले असताना, ईमेल आला: जागा आहे, पाच दिवसांत कळवा. त्या पाच दिवसांत लसींचे पुरावे, रक्ताच्या तपासण्यांच्या अपॉइंटमेंटा, बॅकग्राउंड चेक, बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्ड अशी पळापळ झाली. यातलं एकही पॅकेजमध्ये नव्हतं. सल्लागारबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी "इंटरव्ह्यू प्रेप"वर वीस टक्के सवलत देऊ केली. आमच्या कॉलेजात इंटरव्ह्यू नसतो.

तुम्ही पाच-सहा कॉलेजांना अर्ज करणार असाल आणि तारखा तुमच्या डोक्यात राहत नसतील तर त्यांचा पहिला छोटा प्लॅन घ्या, ९५ डॉलरचा, एक कॉल आणि फाईल. निबंधाचा प्लॅन घेऊ नका. टीजच्या नोट्स फुकट दिल्या तरी घेऊ नका. आणि तेवढंही नको असेल तर माझी फाईल मी कोणालाही देईन. त्यातल्या तारखा २०२३च्या आहेत, तेवढ्या पुसून नव्या भरा, आणि जिथे "भाषा" असा रकाना दिसेल तो मी वाढवलेला आहे.