खिडकीची क्रोम पट्टी, डॅशबोर्डचे पॅनेल आणि ग्रिल: कुठे फिल्म, कुठे रबरी रंग?

गाडीच्या खिडक्यांभोवतीची क्रोम पट्टी काळी करायची असो किंवा गिअरभोवतीच्या चकचकीत काळ्या प्लास्टिकवरचे ओरखडे झाकायचे असोत, हे काम घरीच करू पाहणाऱ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग असतात: व्हिनाइल फिल्म (मागे गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) चिकटवणे किंवा पुढे सोलून काढता येणारा रबरी रंग फवारणे. रीतसर रंगकाम हा तिसरा मार्ग आहेच. परंतु त्यात घासकाम, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) अशी उतरंड असते आणि एकदा सुरुवात केली की मागे फिरता येत नाही, म्हणून ते रंगाऱ्याकडेच सोपवावे.

उरलेल्या दोहोंतली निवड किमतीवरून न करता भागाच्या आकारावरून करावी, असे माझे मत आहे. फिल्म मुळात सपाट असते, त्यामुळे एकाच दिशेने वळणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर, म्हणजे खिडकीच्या पट्टीवर, डॅशबोर्डच्या आडव्या पॅनेलवर किंवा दारातल्या स्विचांच्या चौकटीवर, ती फारसा ताण न घेता बसते. याउलट जाळीदार ग्रिलची प्रत्येक पोकळी फिल्मने झाकत बसणे हा अनुभवी माणसाच्याही सहनशक्तीचा अंत पाहणारा उद्योग आहे. तेथे फवारणीच योग्य. बंपरखालच्या दाणेदार काळ्या प्लास्टिकवर फिल्म लावूच नये, कारण ती केवळ दाण्यांच्या माथ्यावर टेकते आणि काही दिवसांत सुटते. आरशाच्या कव्हरचा मोह नवशिक्याला हमखास होतो, पण ते दोन्ही दिशांनी फुगीर असते, म्हणून त्याला शेवटचा क्रमांक द्यावा.

फिल्म घ्यायचे ठरले की कास्ट आणि कॅलेंडर्ड या दोन जातींतला फरक समजून घेणे अगत्याचे ठरते. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रुळांमधून दाबून, ताणून काढलेली असते आणि तो ताण तिच्या अंगात राहतो. ऊन लागले की ती पूर्वस्थितीकडे आकसू पाहते. कास्ट फिल्म द्रवरूपात पसरून भट्टीत वाळवलेली असल्याने तिच्यात असा ताण जवळपास नसतो. थ्रीएम कंपनीची २०८० आणि एव्हरी डेनिसन कंपनीची एसडब्ल्यू ९०० या कास्ट मालिका गोंदासह साधारण ८० ते ९० मायक्रॉन जाडीच्या आहेत आणि गोंदातल्या सूक्ष्म वाहिन्यांमुळे अडकलेली हवा बाहेर ढकलता येते. मी पहिल्यांदा गिअरच्या चौकटीसाठी स्वस्त कॅलेंडर्ड तुकडा आणला आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने तो अगदी कडेबरोबर कापला. एप्रिलमध्ये दोन दुपारी गाडी उन्हात उभी राहिली आणि चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर काळी रेघ उघडी पडली. अर्थात त्यात दोष फिल्मइतकाच माझ्या कापण्याचाही होता: शक्य असेल तेथे पॅनेल काढून घ्यावे आणि फिल्म मागच्या बाजूला पाच-सहा मिलिमीटर दुमडावी.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ पुसण्यात जातो आणि तो जायलाच हवा. डॅशबोर्डच्या पॉलिशमधले सिलिकॉन कडेच्या फटीत साचलेले असते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, त्यानंतर बोट लावू नये. स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची चपटी पट्टी, मध्यापासून कडेकडे फिरवावी आणि तिच्या धारेला फेल्ट, म्हणजे मऊ नमदा, असावे. खोलगट जागी फिल्म ओढून बसवण्याऐवजी आधी पुरेशी ऊब देऊन, सैल ठेवून आत दाबावी. ओढून बसवलेली फिल्म रात्रीतून तंबूसारखी उभी राहते. अखेरीस ताणलेल्या जागा आणि कडा साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून स्थिर कराव्या लागतात. हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) एकाच जागी धरली तर खालचे प्लास्टिक वाकते, म्हणून ती सतत हलती ठेवावी. एअरबॅगच्या झाकणाला मात्र हातच लावू नये. तसेच ग्रिल किंवा कंपनीच्या बिल्ल्यामागे रडार (पुढच्या वाहनाचा वेध घेणारा सेन्सर) असेल तर त्यावर फिल्मही नको आणि रंगही नको.

रबरी रंगाला कौशल्य कमी आणि धीर जास्त लागतो. चार-पाच पातळ थर द्यावे लागतात, आजूबाजूचा पत्रा दूरवर झाकावा लागतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे काम काढू नये. पेट्रोल सांडले तर तो विरघळतो, त्यामुळे इंधनाच्या झाकणाजवळ तो नकोच.

काढण्याची वेळ येते तेव्हाही दोहोंचे स्वभाव वेगळे दिसतात. चांगली कास्ट फिल्म कोमट करून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढली की अखंड निघते. रबरी रंगाचे थर पातळ पडले असतील तर त्याचे खोडरबरासारखे तुकडे पडत राहतात. अशा वेळी खरवडत बसण्यापेक्षा त्यावरच आणखी दोन भरघोस थर द्यावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि मग सोलावे.